जुना ट्रॅक्टर घेताय? आधी हे बघा

जुना ट्रॅक्टर नुसता रंग बघून घेऊ नका. इंजिन थंड असताना स्वतः चालू करून पाहा; तापवून ठेवलेलं इंजिन दुखणं लपवतं. सतत निळा धूर येत असेल, तर ऑइल जळतंय. रिंगा-लायनरचा खर्च धरा. डिपस्टिकवरचं ऑइल दुधासारखं दिसलं, तर त्यात पाणी शिरलंय. तो सौदा सोडा. नांगर उचलून इंजिन बंद करा. तो भरभर खाली बसला, तर लिफ्टमध्ये दोष आहे. आर.सी.वर बँकेचा बोजा असेल, तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे मोजू नका. नाहीतर कर्ज दुसऱ्याचं आणि जप्ती आपल्या दारी! घरी आणल्यावर आधी ऑइल-फिल्टर बदला. धुळीच्या कामात एअर क्लीनर रोज पाहा.