दिवाडी : मांडवीतलं बेट

आमची वरळीही एकेकाळी बेटच होती, म्हणून बेटांची ओढ जरा जास्तच! गोव्यात गेलात तर जुन्या गोव्याहून फेरीबोटीनं दिवाडीला जाच. मांडवी ओलांडायला काही मिनिटं लागतात. पलीकडे खाजन शेतं (खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली), खारफुटी आणि शांत रस्ते. पिएदाद गावातल्या टेकडीवरचं चर्च पाहाच. तिथून नदीपलीकडचं जुनं गोवं, त्याची चर्चं दिसतात. मला त्याहून जास्त भिडतो तो सप्तकोटेश्वर. कदंब राजांचं हे दैवत मूळचं दिवाडीचं. पोर्तुगीज काळात ते देऊळ मोडलं आणि देव नदीपार नार्व्याला गेला. तिथल्या देवळाचा १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केला. दिवाडीहून नार्व्यालाही फेरीबोट आहे, दोन्ही एकाच दिवशी पाहा.