पसारा आणि नेम

गेल्या श्रावणांत जमिनीच्या एका फेरफाराच्या नोंदीसाठीं पेण व रोहें या दोन गांवीं आमचें जाणें झालें. काम अर्ध्या दिवसाचें. परंतु ज्यांची सही हवी होती ते गृहस्थ रजेवर असल्याकारणानें तें तीन दिवसांवर गेलें. घरून निघतांना आम्हीं एक चिठी बरोबर घेतली होती. तीवर करावयाच्या तेवीस गोष्टी लिहिलेल्या होत्या: पेणचे पातळ पोहे व पापड आणणें, वडिलांच्या एका जुन्या स्नेह्यांस भेटणें, कुंडलिकेच्या कांठीं मुलांसाठीं छायाचित्रें काढणें, आणि असेंच पुष्कळ कांहीं. तिसऱ्या दिवशीं ते सहीचे गृहस्थ तासभर कचेरींत येऊन गेले, तेव्हां आम्ही एका गिरणीच्या दाराशीं पोह्यांचा भाव करीत उभे होतों. चिठींतील अकरा गोष्टींवर काट पडली होती. ज्या एका कामासाठीं गेलों होतों, तें मात्र तसेंच परत आलें.

वाचकांपैकीं कित्येकांना हा अनुभव नवा नसेल. आम्हांलाही तो नवा नव्हता. फक्त या वेळीं त्याची लाज जरा अधिक वाटली. त्याचें कारण आदल्याच दिवशीं आम्हीं पेण येथील एका गणपतीच्या कारखान्यांत जें पाहिलें तें होय.

पेण शहरांत, तसेंच हमरापूर व जोहे या आसपासच्या गांवीं, हे कारखाने बाराही महिने चालूं असतात. परदेशीं जावयाच्या मूर्ती तर जहाजानें जाव्या लागत असल्यामुळें चतुर्थीच्या कित्येक महिने आधींच बाहेर पडतात. आम्ही गेलों ते दिवस ऐन धांदलीचे होते. साच्यांतून निघालेल्या मूर्तींचे सांधे एक जण भरून काढीत होता. चार बाया घांसकागदानें अंग घांसून गुळगुळीत करीत होत्या. कोणी पितांबर रंगवी, कोणी शेला, कोणी दागिने. आणि कोपऱ्यांत, उजेड डाव्या बाजूनें येईल अशा बेतानें, एक वयस्क कारागीर बसला होता. त्याच्यापुढें मूर्ति आणून ठेवावी, त्यानें डोळ्यांची आखणी करावी आणि मूर्ति उचलून न्यावी, एवढेंच चाललें होतें. मधून मधून तर तो ब्रश खालीं ठेवून नुसता बसे. बाहेर गिऱ्हाईक खोळंबलेलें, मालकाचा आरडाओरडा चाललेला, आणि हा स्वस्थ!

आम्हीं न राहवून विचारलें, "काका, एवढी घाई आहे, तर रिकाम्या वेळांत रंगकामाला थोडा हात कां लावीत नाहीं?"

तो म्हणाला, "हात थकला कीं नजर हलते, साहेब. दागिना चुकला तर झांकता येतो. नजर हलली कीं देव भलतीकडेच बघतो. मग घरच्या माणसांनीं कुणाकडे बघायचं?"

मालकानेंही त्याला रंगाला बसविलें नव्हतें, हें येथें ध्यानांत ठेवावयास हवें. कारखान्यांतील प्रत्येकाला ठाऊक होतें कीं शेवटीं हिशेब डोळ्यांचा आहे, आणि म्हणून त्या एका माणसाचा उजेड कोणी अडवीत नव्हतें. आपल्या घरांतून नेमकें हेंच घडत नाहीं. पाणी, दूध, डबे, पूजा, शाळेच्या गाड्या, आल्या-गेल्याचें चहापाणी आणि त्यांत आतां भ्रमणध्वनीवर दर घटकेस येणारे निरोप, या सर्वांस आपण एकाच पंक्तीस बसवितों. जो मोठ्यानें ओरडेल त्याला आधीं वाढावयाचें. जें ओरडत नाहीं, उदाहरणार्थ म्हाताऱ्यांशीं दोन शब्द बोलणें किंवा आपला स्वतःचा एखादा अभ्यास, तें सर्वांच्या शेवटीं, उरलें तर.

या विचारांत असतांना मनांत आलें कीं, ज्या मुलुखांत आपण हिंडत आहों, त्याच मुलुखानें या बाबतींत दोन मोठीं उदाहरणें घालून दिलीं आहेत. पेण तालुक्यांतील गागोदें हें विनोबा भावे यांचें जन्मगांव. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनीं, १४ जानेवारी १८९६ रोजीं, महाडजवळील नातें येथें चिंतामणराव देशमुख जन्मले. त्यांचें घराणें रोह्याचें व बालपणही रोह्याकडे गेलें. हा सर्व प्रदेश तेव्हां कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. रायगड हें नांव १९८१ पासूनचें. दोघांचाही अंत १९८२ सालींच झाला, देशमुखांचा २ ऑक्टोबरला आणि विनोबांचा १५ नोव्हेंबरला. एका मातीचे, एका वयाचे, पण चालीचे किती निराळे!

विनोबांची चाल टाकून देण्याची. बडोद्यास शिकत असतां त्यांनीं आपलीं प्रमाणपत्रें आईच्या देखत जाळून टाकलीं. पुढें कधीं उपयोगीं पडतील, असें ती माउली म्हणाली. पण त्यांना तो पुढचा विचारच ठेवावयाचा नव्हता. २५ मार्च १९१६ रोजीं इंटरच्या परीक्षेसाठीं मुंबईस निघालेला हा तरुण मध्येंच सुरतेस उतरला व काशीस गेला. त्याच वर्षीं ७ जून रोजीं कोचरब येथील आश्रमांत त्यांची व गांधीजींची पहिली भेट झाली. पुढल्या वर्षीं प्रकृतीसाठीं व अभ्यासासाठीं त्यांनीं आश्रमांतून एक वर्षाची रजा घेतली, वाईस नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशीं उपनिषदें व ब्रह्मसूत्रें यांचें अध्ययन केलें, आणि वर्ष संपलें त्या दिवशीं ते आश्रमांत परत हजर झाले. आम्हांला परीक्षा सोडण्यापेक्षां हें परत येणेंच अधिक कठीण वाटतें. टाकून देण्याची हौस पुष्कळांना असते. ठरल्या दिवशीं ठरल्या जागीं उभे राहणारे थोडे. भूदानाची पदयात्रा त्यांनीं १९५१ पासून सुमारें तेरा वर्षें चालविली, आणि १९६६ च्या ७ जूनला, म्हणजे गांधीजींच्या भेटीला बरोबर पन्नास वर्षें झालीं त्या दिवशीं, बाहेरचा व्यापही आवरता घेतल्याचें जाहीर केलें.

देशमुखांनीं परीक्षा टाकली नाहीं. उलट एकही वरचा क्रमांक सोडला नाहीं. १९१२ सालीं मॅट्रिकमध्यें पहिले, १९१८ सालीं लंडन येथील आय. सी. एस. परीक्षेंत पहिले, १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, आणि १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. शिवाय केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचा अभ्यास झालेला, बागकामाची आवड, संस्कृतांत काव्यरचना आणि मेघदूताचा मराठी अनुवाद. म्हणजे पसारा लहान नव्हे. पण प्रसंग आला तेव्हां काय झालें? १९५२ सालीं कुलाब्याच्या मतदारांनीं त्यांना लोकसभेवर पाठविलें होतें. १९५६ सालीं आयुर्विम्याचें राष्ट्रीयीकरण नुकतेंच झालेलें, दुसरी पंचवार्षिक योजना नुकतीच सुरू झालेली, अशा भरांत असतांना मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या धोरणावरून त्यांनीं अर्थमंत्रिपद सोडलें. त्या राजीनाम्याचा राजकीय न्यायनिवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. हातांत दहा कामें असतांही त्यांतील कोणतें कोणासाठीं खालीं ठेवावयाचें, हें त्यांच्या मनांत ठरलेलें होतें, इतकेंच आम्हांला दिसतें.

येथें आमच्या वाचक-भगिनी म्हणतील, हीं मोठ्या पुरुषांचीं उदाहरणें झालीं. विनोबांना संसार नव्हता, आणि मंत्र्यांना स्वयंपाक करावा लागत नाहीं. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच आम्हांला या हकीकतींतील सर्वांत मोठें माणूस विनोबांच्या आई रुक्मिणीबाई वाटतात.

त्यांनीं एकदां देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा नेम धरला होता, आणि त्या रोज एकेक दाणा मोजून वाहत. घरांतील कर्त्या पुरुषानें सोपा मार्ग सुचविला: तोळाभर तांदूळ मोजावे, त्यावरून लाखाचें वजन काढावें, वर थोडे अधिक घालावे, कीं झालें! हिशेब बिनचूक होता. तरी बाईंचें मन घेईना, म्हणून त्यांनीं मुलाला विचारलें. विनोबांनीं सांगितलें, हा गणिताचा प्रश्न नाहीं. प्रत्येक दाण्याबरोबर देवाचें स्मरण होतें, तें वजन करून कसें होणार? रुक्मिणीबाई पुढेंही दाणे मोजीतच राहिल्या. चूल, पाहुणे, मुलें यांतलें कांहीं सुटलें नव्हतें, पण तेवढा एक तुकडा त्यांनीं कोणाला तागडींत टाकूं दिला नाहीं.

याच माउलीला गीता समजावी अशी इच्छा होती, आणि हातीं पडलेलें मराठी भाषांतर अवघड वाटल्यावर, तूंच कां करीत नाहींस, असें त्या मुलाला म्हणाल्या होत्या. १९१८ सालीं त्या वारल्या. विनोबांनीं ७ ऑक्टोबर १९३० रोजीं गीताई लिहावयास घेतली व ६ फेब्रुवारी १९३१ रोजीं पुरी केली. काम चार महिन्यांचें, पण आईच्या मागें बारा वर्षांनीं झालेलें.

हें लिहितांना आमचा हात थोडा अडखळतो. आमच्या मातोश्रींना जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येत. "एकदां बसून लिहून घे रे," असें त्या दोन वर्षें म्हणत होत्या. आम्ही वही आणली, पहिल्या पानावर मथळा व तारीख घातली, तीन ओव्या उतरवून घेतल्या आणि दिवाळीनंतर निवांत बसूं असें ठरविलें. दिवाळींत रंगकाम निघालें, पुढें एक मुंज निघाली. मातोश्री पौषांत गेल्या. वही अजून आहे. त्या दोन वर्षांत आम्हीं कोणतीं महत्त्वाचीं कामें केलीं, तें आठवण्याचा बराच प्रयत्न केला. एकही आठवलें नाहीं.

रोह्याहून परत आल्यावर रात्रीं जेवणें झालीं, तेव्हां सर्वांना एकत्र बसवून आम्हीं ही हकीकत सांगितली आणि घरांतील प्रत्येकानें आपलीं फक्त तीन कामें सांगावीं, असें सुचविलें. मुलांनीं उत्साहानें सांगितलीं. बंधूंनीं विचार करून सांगतों म्हटलें. ते अजून विचारच करीत आहेत. आमच्या वहिनी संस्कृत घेऊन एम. ए. झालेल्या. त्यांची पुस्तकें लग्नानंतर माळ्यावर गेलीं तीं अद्याप उतरलीं नव्हतीं. त्या मात्र हंसून म्हणाल्या, "भावोजी, माझं एक काम मला लग्नापासून ठाऊक आहे. बाकीची वीस कोण करणार, तेवढं आधी ठरवा."

तिच्यांतील चार आम्हीं आपल्याकडे घेतलीं, चार बंधूंकडे गेलीं, आणि तीन-चार कोणी न केलीं तरी चालतात असें आठवड्याभरांत दिसून आलें. फेरफाराच्या नोंदीसाठीं पुढल्या महिन्यांत पुन्हां रोह्यास जावें लागलें. या खेपेस बरोबर चिठी नव्हती आणि पोहेही आले नाहींत, त्याबद्दल थोडें ऐकून घ्यावें लागलें. हल्लीं दुपारीं चार ते पांच वहिनींच्या खोलीचें दार लोटलेलें असतें. त्या वेळचा चहा आम्ही दोघे भाऊ करतों. त्यांत साखर अजून जास्त पडते.