घोणस अजून बाकी आहे

सर्पदंशावरच्या उताऱ्याचं शास्त्र शंभर वर्षं जवळपास एकाच जागी थांबलं होतं. २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत मात्र ते एकदम धावू लागलं. कॅलिफोर्नियातून मानवी प्रतिपिंडाची बातमी आली, सिएटलमधून संगणकाने आखलेल्या प्रथिनांची, डेन्मार्कमधून लामा आणि अल्पाकाच्या रक्तातून मिळालेल्या इवल्या प्रतिपिंडांची. ‘सगळ्या सापांवर एकच औषध’ अशा धाटणीचे मथळे झळकले. आनंद व्हावा असंच हे काम आहे. पण पावसाळ्यात अनवाणी पायांनी बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने या बातम्या वाचल्या, की एक गोष्ट ठळक दिसते. हे सगळे शोध नाग, मण्यार, मांबा यांच्या कुळाचे आहेत. घोणस आणि फुरसं ही वेगळ्या कुळातली, आणि त्यांच्यावर यातलं एकही नवं प्रतिपिंड किंवा आखलेलं प्रथिन चालत नाही.

भारतात घोणस बाजूला ठेवून सर्पदंशाचा विचारच करता येत नाही. टोरांटोचे प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्याकडे सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले बहुतेक मृत्यू खेड्यांतले आणि घरीच झालेले, निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. त्याच अभ्यासात आधीच्या प्रकाशित नोंदी एकत्र करून कोणता साप किती चावतो हेही तपासलं होतं. घोणस ४३ टक्के, मण्यार १८, नाग १२. बाकीच्यांत मोठा भाग साप ओळखताच न आलेल्या दंशांचा.

आज या सगळ्यांवर उपाय म्हणून सरकारी दवाखान्याच्या कपाटात प्रतिसर्पविषाची कुपी असते. आत पांढरट भुकटी. १० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात ती फेस न होऊ देता विरघळवायची आणि सलाइनमधून शिरेत सोडायची. या भुकटीचा प्रवास बहुतेक वेळा तमिळनाडूत सुरू होतो. मामल्लपुरमजवळ वडनेम्मेली इथे इरुला आदिवासींची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे, १९७८ पासूनची. रोम्युलस व्हिटेकर यांनी तिच्या उभारणीत पुढाकार घेतला. एके काळी कातडीसाठी साप मारणारे इरुला आता ते जिवंत धरतात, विष काढून घेतात आणि पुन्हा रानात सोडतात. देशातल्या औषध कंपन्यांना लागणारं बहुतांश विष इथून जातं. ते थोडं थोडं वाढवत घोड्यांना टोचलं जातं, घोड्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, ती वेगळी काढून, शुद्ध करून, वाळवून कुपीत भरली जातात. परळच्या हाफकिनने हे काम दशकानुदशकं केलं आहे आणि महाराष्ट्रातल्या असंख्य घरांवर त्याचे उपकार आहेत. पद्धत मूळची फ्रेंच डॉक्टर आल्बेर काल्मेत यांची, १८९०च्या दशकातली. शुद्धीकरण सुधारलं, गाभा तोच राहिला.

कुपीच्या लेबलावरचे आकडे फार बोलके आहेत. एक मिलिलिटर औषध नागाचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतं, घोणसचंही ०.६, मण्यार आणि फुरशाचं प्रत्येकी ०.४५. म्हणजे घोणसच्या बाबतीत एक कुपी ६ मिलिग्रॅमला पुरते. आणि घोणस एका दंशात सरासरी साठ-त्रेसष्ट मिलिग्रॅम विष सोडते असं उपचारांच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत गृहीत धरलं आहे. सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या द्याव्या लागतात, त्या या हिशेबामुळे. रक्त गोठेना तर आणखी द्याव्या लागतात. शिवाय हे घोड्याचं प्रथिन आहे. काही रुग्णांना त्याची तीव्र ॲलर्जी येते, रक्तदाब कोसळतो, श्वास अडकतो. ॲड्रेनलीनचं इंजेक्शन भरून हाताशी ठेवावं लागतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री एकटा असलेला तरुण डॉक्टर ही जोखीम घ्यायला बिचकतो आणि रुग्णाला ‘पुढे’ पाठवतो. त्याच्या बिचकण्याला मी नावं ठेवणार नाही. पण पुढे म्हणजे ग्रामीण रुग्णालय, तिथून उपजिल्हा, तिथून जिल्हा, आणि प्रत्येक टप्प्यावर विष आपलं काम करत राहतं.

घोणसचं विष काय करतं, हे नीट समजून घ्यायला हवं. ते रक्त गोठवणाऱ्या साखळीतल्या दोन घटकांना, दहाव्याला आणि पाचव्याला, अवेळी जागं करतं. रक्तवाहिन्यांत ठिकठिकाणी बारीक गुठळ्या होऊ लागतात आणि त्यात शरीरातलं फायब्रिनोजेन संपून जातं. मग रक्त गोठायचं थांबतं. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं. मूत्रपिंडं बंद पडतात. दंशातून वाचलेला शेतकरी पुढे कित्येक दिवस डायलिसिसवर असतो, कधी त्याची मूत्रपिंडं कायमची दुबळी होतात. ते घर एका पावसाळ्यात कर्जात जातं. मृत्यूच्या आकड्यांत ही माणसं मोजलीच जात नाहीत.

आणि घोणसचं विष सगळीकडे सारखं नसतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांची प्रयोगशाळा गेली काही वर्षं याच प्रश्नामागे आहे. २०२१ साली त्यांच्या चमूने दाखवून दिलं, की वेगवेगळ्या प्रदेशांतल्या घोणसांच्या विषात बराच फरक आहे आणि बाजारातली प्रतिसर्पविषं काही भागांत कमी पडतात. २०२५ मध्ये त्यांनी ३४ ठिकाणच्या ११५ घोणसांचं विष तपासलं आणि ते तिथल्या तापमानाशी, पावसाशी ताडून पाहिलं. कोरड्या भागातल्या घोणसांच्या विषात प्रथिनं तोडणाऱ्या विकरांची क्रिया जास्त भरली. मुख्यतः तमिळनाडूतल्या विषावर तयार झालेली कुपी देशभर वापरली जाते, आणि राजस्थानच्या कोरड्या रानातली घोणस वेगळंच मिश्रण बाळगून असते, असा याचा अर्थ. माझ्या मते गेल्या दशकातलं भारतीय सर्पविष संशोधनातलं हे सर्वांत महत्त्वाचं काम आहे, आणि त्याला मथळे फारच थोडे मिळाले.

आता त्या गाजलेल्या शोधांकडे वळू. नागकुळातल्या सापांच्या विषात एक छोटं प्रथिन असतं. त्याच्या रचनेत तीन बोटं पुढे आल्यासारखी दिसतात, म्हणून त्याला त्रिबोटी विष म्हणायला हरकत नाही. मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचवणारा जो ग्राहक स्नायूवर असतो, त्यात हे प्रथिन कडीत पाचर ठोकावी तसं जाऊन बसतं. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. हे प्रथिन इतकं लहान आहे, की घोड्याचं शरीरही त्याच्याविरुद्ध फारशी प्रतिपिंडं बनवत नाही. पण ग्राहकात बसणारा त्याचा भाग वेगवेगळ्या सापांत बराच सारखा असतो. संशोधकांनी नेमकी हीच जागा धरली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये स्क्रिप्स संशोधन संस्था, लिव्हरपूल आणि बंगळूरच्या संशोधकांनी ‘९५मॅट५’ हे मानवी प्रतिपिंड जाहीर केलं. कोट्यवधी कृत्रिम प्रतिपिंडांच्या संग्रहातून ते निवडलेलं होतं आणि त्याची विषाला धरायची पद्धत स्नायूवरच्या ग्राहकाची जणू नक्कल होती. जानेवारी २०२५ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेने, सुसाना व्हास्केस टोरेस यांच्या पुढाकाराने, निसर्गात कुठेच नसलेली प्रथिनं संगणकावर आखली आणि उंदरांना त्रिबोटी विषापासून वाचवलं. त्याच वर्षी मे महिन्यात टिम फ्रीड या अमेरिकी माणसाची कहाणी पुढे आली. सुमारे १८ वर्षं त्याने स्वतःला शेकडो वेळा सर्पविष टोचून घेतलं होतं. कुणीही कधीही करू नये असा तो प्रयोग. त्याच्या रक्तातून मिळालेली दोन प्रतिपिंडं आणि व्हॅरेस्प्लाडिब नावाचं एक औषध यांच्या मिश्रणाने नागकुळातल्या १९ जातींपैकी १३ जातींच्या विषापासून उंदीर पूर्ण वाचले, उरलेल्या सहांपासून अंशतः. ऑक्टोबरमध्ये डेन्मार्कच्या चमूने आफ्रिकेतल्या नाग, मांबा आणि रिंकाल्स अशा १८ सापांसाठी आठ सूक्ष्म प्रतिपिंडांचं मिश्रण मांडलं.

हे सगळं उंदरांवरचं आहे. यातल्या बऱ्याच चाचण्यांत विष आणि उतारा आधीच एकत्र करून टोचतात, किंवा विषानंतर काही मिनिटांत उतारा देतात. आपल्याकडे मण्यार रात्री झोपेत चावतो, दात इतके बारीक की अनेकदा खूणही सापडत नाही, पोटात दुखतंय म्हणून माणूस पहाटेपर्यंत घरात राहतो. मण्यारचं विष मज्जातंतूंची टोकंच उद्ध्वस्त करतं. ती एकदा गेली की कुठलंही प्रतिपिंड ती परत आणत नाही, व्हेंटिलेटरवर वाट पाहावी लागते. तेव्हा वेळेचा प्रश्न या नव्या औषधांनाही चुकलेला नाही.

मला अधिक आशा वाटते ती दुसऱ्या, कमी झगमगत्या वाटेकडे पाहून. फ्रीडच्या मिश्रणातलं ते तिसरं औषध, व्हॅरेस्प्लाडिब, मूळचं हृदयरोगासाठी होतं. तिथे ते अपयशी ठरलं. पण ते ज्या विकराला अडवतं, तो फॉस्फोलायपेज गटातला विकर बहुतेक विषारी सापांत सापडतो, घोणसमध्ये तर भरपूर. मॅरिमास्टॅट हे असंच कर्करोगावर अपयशी ठरलेलं औषध. ते ऊती आणि रक्तवाहिन्या फाडणाऱ्या जस्तयुक्त विकरांना रोखतं. लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०२० मध्ये ही दोन औषधं एकत्र वापरली, आणि आफ्रिका, मध्य अमेरिका व आशियातल्या घोणसकुळातल्या सापांच्या विषापासून उंदरांना संरक्षण मिळालं. त्यात आपली घोणस होती, आपलं फुरसंही होतं. त्याच संशोधकांनी जड धातूंच्या विषबाधेवर वापरलं जाणारं एक जुनं औषधही फुरशाच्या कुळावर तपासलं. ते विषातल्या विकरांना लागणारं जस्तच ओढून घेतं. तिकडे सिडनी विद्यापीठातल्या चमूने २०२४ मध्ये दाखवलं, की रक्त पातळ ठेवणारं साधं हेपारिन आफ्रिकेतल्या थुंकणाऱ्या नागाच्या दंशाने होणारी मांसाची सड कमी करू शकतं.

यातली बहुतेक औषधं रेणूने लहान असतात. काही गोळीच्या रूपात देता येतात, फ्रिज लागत नाही, घोड्याचं प्रथिन नाही. गावातल्या आशा आरोग्यसेविकेच्या पेटीत मावतील अशी.

ही वाट महाराष्ट्राला अनोळखी नाही. १९७६ साली हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावला, की माणसाला दरदरून घाम फुटायचा, हातपाय गार पडायचे, रक्तदाब चढायचा आणि फुप्फुसात पाणी भरून तो जायचा. बावस्करांनी रुग्णांच्या खाटेशेजारी रात्री काढल्या, नाडी आणि रक्तदाबाच्या बारीक नोंदी ठेवल्या. आणि मग रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी वापरून पाहिली, कारण विंचवाचं विष शरीरात जे वादळ उठवतं, त्याच्या नेमक्या मुळाशी ती जाते. १९८२ पासून त्यांचं काम ‘लॅन्सेट’मध्ये येऊ लागलं. दगावणाऱ्यांचं प्रमाण तीसेक टक्क्यांवरून अगदी थोड्यांवर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लिव्हरपूलमध्ये आज ज्या विचाराला निधी मिळतो, तो विचार एका तालुक्याच्या गावात, स्टेथोस्कोप आणि रक्तदाबाचं यंत्र एवढ्यावर, चाळीस वर्षांपूर्वी प्रत्यक्षात आला होता.

व्हॅरेस्प्लाडिबच्या गोळीची भारत आणि अमेरिकेत माणसांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. नेहमीच्या उपचारांसोबत गोळी घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात, सगळे रुग्ण धरले तर, ठोस फरक दिसला नाही. पण दंशानंतर पाच तासांच्या आत गोळी मिळालेल्यांत फायद्याची चिन्हं होती. काहींनी ही चाचणी फसली असं म्हटलं. मला ते पटत नाही. मोठ्या रुग्णालयात पोहोचलेल्या माणसाला मोठ्या रुग्णालयात गोळी दिली, तर ती उशिराच पोहोचणार. गोळीचा सगळा अर्थ पहिल्या तासात आहे, आणि तो तास रुग्णालयाबाहेर जातो.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे हे त्याचं उद्दिष्ट आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेचंही तेच. त्यासाठी सर्पदंशाची सक्तीची नोंद करावी असंही राज्यांना कळवण्यात आलं. उद्दिष्ट गाठायचं तर नव्या प्रतिपिंडांची वाट पाहत बसून चालणार नाही; ती माणसांवरच्या चाचण्या पार करून, परवडणाऱ्या किमतीत, यायला वेळ लागेल. तोवर प्रत्येक आरोग्य केंद्रात काचेची कोरडी, स्वच्छ नळी असली पाहिजे. तिच्यात दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी कलंडवायची. रक्त वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात भिनलेलं आहे आणि कुप्या तिथेच सुरू करायला हव्यात. नळी प्लास्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेलीही चालत नाही. एवढी साधी गोष्ट वेळेवर हाताशी नसते, म्हणून रुग्ण पुढच्या गाडीत चढवला जातो.

आणि पुढची गोळीची चाचणी घोणस चावलेल्या माणसांवर, व्हॅरेस्प्लाडिब आणि मॅरिमास्टॅट या जोडीची व्हायला हवी. ती जून ते सप्टेंबरात, कोकणातल्या आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत व्हावी, आणि पहिली गोळी रुग्ण १०८च्या गाडीत चढण्याआधी दिली जावी. बंगळूरला कुठल्या भागात विष कसं आहे याचा नकाशा तयार होतो आहे, लिव्हरपूलला औषधांची जोडी तपासून झाली आहे, आणि खाटेशेजारून संशोधन कसं करायचं हे महाडने दाखवलेलंच आहे.