दहिवर, भुसा आणि चेन: थंडीतल्या सायकलच्या गमती

युरोपात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, आणि तेच मीठ सायकली खातं. गोंदियात बर्फ नाही, पण मिठाचं भावंड आहे: पोटॅश खत. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. उन्हाळी धानासाठी आणलेल्या पोत्यातून दोन-चार दाणे कॅरिअरवर सांडले आणि रात्री दहिवरात विरघळले, की जोडांत गंज धरलाच. पोतं उतरवलं की लगेच ओल्या फडक्यानं पुसा, मग कोरड्यानं.

थंडीच्या बातमीत विदर्भातून गोंदियाचं नाव हमखास वर असतं. पारा आठ-नऊ अंशांवर आला की अंगणातली सायकल सकाळी न्हालेली दिसते. दहिवर काही वरून पडत नाही. उघड्या आभाळाखाली लोखंड आपली ऊब आकाशाकडे सोडतं, आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं, आणि हवेतला ओलावा त्यावर जमतो. म्हणून सीट, हँडल आणि मडगार्डची पाठ आधी भिजते. ओसरीत किंवा मोहाच्या झाडाखाली उभी केलेली सायकल बरीच कोरडी राहते, कारण वरचा आडोसा तिची ऊब अडवतो.

आता खरा शत्रू. धान चुरायला सुरुवात झाली की बांधीतून, रस्त्यातून, राइस मिलच्या आवारातून भुसकट उडतं. धानाचा भुसा जाळला तर त्याच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढी राख उरते, आणि त्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते! वाळूतही सिलिकाच. वाळूचे कण चेनच्या पोलादापेक्षा कठीण असतात. तेलकट चेनवर ही धूळ बसली की सायकल धावते तशी चेन आतून घासली जाते.

आजही जवळपास प्रत्येक सायकलवर चालणाऱ्या रोलर चेनचा जन्म १८८० चा, मँचेस्टरमधल्या हान्स रेनॉल्डच्या कारखान्यातला. तिच्या दोन पिनांतलं अंतर ठरलेलं: अर्धा इंच. त्यामुळे शाळेची फूटपट्टी हेच तिचं थर्मामीटर. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. चोविसावं अंतर संपतं तिथली पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. ती एक सोळांश इंच पुढे गेली तर चेन बदला. एक अष्टमांश गेली असेल तर दातेही झिजलेत, खर्च वाढला. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या ज्या मुलींना सायकली मिळतात, त्यांच्या दप्तरात ही पट्टी असतेच. गणिताच्या तासाला हा प्रयोग व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

साफ करायला पाण्याचा पाइप नको. पाणी ग्रीस धुऊन थेट छर्र्यांपर्यंत जातं. चेन जुन्या सुती फडक्याच्या चिमटीत धरा, पैडल उलटं फिरवा, काळं येणं थांबेपर्यंत. फारच चिकट असेल तर जुना टूथब्रश. मग प्रत्येक रोलरवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, चार फेऱ्या उलट्या, आणि बाहेरचं तेल पुन्हा पुसून कोरडं. तेल आत हवं. बाहेर राहिलं तर ते धूळ गोळा करतं. खोबरेल तेल अजिबात नको. ते २४ अंशांखाली गोठतं, ते बाटलीत रोज दिसतंच.

रिमच्या क्रोमवर गंजाचे ठिपके? चुरगळलेली अॅल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून हलक्या हातानं घासा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि चकाकीवर ओरखडा पडत नाही.

आणि सकाळी टायर मऊ लागला तर लगेच पंक्चरवाल्याकडे धावू नका. दुपारी २८ अंशांत ५० पौंड हवा भरली असेल, तर पहाटे ८ अंशांत ती आपोआप ४६ च्या आसपास येते.