रुग्णालयांतील बिनतारी पहारा

रुग्णालय ही एक विलक्षण जागा आहे. तिचें दार सर्वांस उघडें असावें लागतें आणि तरीहि आंत असलेल्या माणसाचें रक्षण घरच्याहून अधिक दक्षतेनें व्हावें लागतें. रात्रीं-अपरात्रीं रुग्ण येतात, त्यांच्याबरोबर नातेवाईक येतात, डबे घेऊन शेजारी येतात. पाळी बदलली कीं परिचारिका, वॉर्डबॉय, आया यांचे चेहरे बदलतात. या वर्दळींत कोण कोणाचा हें दारावरच्या पहारेकऱ्यानें ओळखावें अशी आपली अपेक्षा असते. पण दोन प्रकारच्या रुग्णांच्या बाबतींत ती पुरी पडत नाहीं. एक, नुकतेंच जन्मलेलें मूल. त्याला कोणीं परक्यानें उचललें, तर ‘ही माझी आई नव्हे’ असें तें सांगूं शकत नाहीं. दुसरा, स्मृतिभ्रंश झालेला वृद्ध. तो स्वतःच्याच पायांनीं बाहेर पडतो, आणि आपण कोठें निघालों हें त्याचें त्यालाच ठाऊक नसतें. या दोघांच्या वतीनें बोलणारी एक यंत्रयोजना गेल्या कांहीं दशकांत रुग्णालयांतून बसविली जाऊं लागली आहे. तिचें काम बिनतारी लहरींवर चालतें आणि तिच्या केंद्रस्थानीं ग्राहकयंत्र, म्हणजे आपल्या रेडिओचाच एक भाऊबंद, असतें. तें काय करूं शकतें आणि काय करूं शकत नाहीं, याचा आज विचार करूं.

आपण घरीं रेडिओ ऐकतों, तेव्हां बोलणारा एक आणि ऐकणारे हजारों असा प्रकार असतो. रुग्णालयांत हें नातें उलटें होतें. तेथें बोलणारे पुष्कळ आणि ऐकणारीं यंत्रें मोजकीं. प्रत्येक बालकाच्या घोट्यास किंवा वृद्धाच्या मनगटास एक लहानशी चकती बांधलेली असते. तिला सर्वत्र ‘टॅग’ म्हणतात. आपणहि तोच शब्द वापरूं. हा टॅग आपला क्रमांक तेवढा सांगतो. छताला किंवा भिंतीला बसविलेलीं ग्राहकयंत्रें तो क्रमांक ऐकतात व परिचारिकेच्या टेबलावरील संगणकास कळवितात.

टॅग दोन जातींचे असतात. पहिल्या जातींत बॅटरी नसते. उन्हांत उभा राहून एखादा मुलगा आरशाच्या तुकड्यानें समोरच्या भिंतीवर कवडसा पाडतो, तसें हें असतें. प्रकाश त्या मुलाचा नसतो, सूर्याचा असतो. आरसा हलवून केलेल्या खुणा मात्र त्याच्या असतात. त्याचप्रमाणें वाचकयंत्रानें सोडलेली लहरच हा टॅग आपल्या क्रमांकाच्या ठेक्यांत परत फेंकतो. परावर्तित लहरींनीं संदेश देण्याच्या या कल्पनेवर हॅरी स्टॉकमन या शास्त्रज्ञानें १९४८ च्या ऑक्टोबरांत एक निबंध प्रसिद्ध केला होता. हे टॅग स्वस्त व कागदासारखे पातळ असतात, पण त्यांचा आवाज फार तर कांहीं मीटर पोंचतो. म्हणून कपडे, औषधें, कागदपत्रें यांच्या मोजदादीस ते चांगले. दुसऱ्या जातीच्या टॅगमध्यें लहान बॅटरी असते आणि तो स्वतःच्या शक्तीनें बोलतो. मुलांच्या व वृद्धांच्या रक्षणासाठीं बहुधा हीच जात वापरतात.

आतां दारापाशीं काय घडतें तें पाहूं. तेथें दोन निरनिराळ्या लहरी एकमेकींस मदत करतात. चौकटीजवळ बसविलेल्या वेटोळ्यांतून एक मंद लहर सोडलेली असते. तिचीं कंपनें दर सेकंदास साधारण सव्वा लक्ष असतात. ही लहर दूर जात नाहीं. तिचें चुंबकीय क्षेत्र दाराभोवतीं एक-दोन मीटर पसरतें व पुढें झपाट्यानें क्षीण होतें. आपल्याला हवें असतें तेंहि एवढेंच, कारण मूल खोलींत आहे कीं दाराशीं, हा भेद त्यामुळें स्पष्ट होतो. शिवाय ही मंद लहर माणसाच्या शरीरांतून सहज पार जाते. त्या क्षेत्रांत शिरतांच टॅगला आपण कोणत्या दाराशीं आहों तें कळतें, आणि तो कित्येक पट जलद अशा दुसऱ्या लहरीवर ग्राहकयंत्रास आपला क्रमांक व दाराचा क्रमांक कळवितो. लागलीच दाराचें चुंबकीय कुलूप लागतें, लिफ्ट थांबते आणि परिचारिकेच्या टेबलाशीं घंटा वाजते.

या जलद लहरीची एक अडचण आहे. आपल्या शरीरांत बहुतांशीं पाणी असतें व पाणी अशा लहरी शोषून घेतें. मूल छातीशीं घट्ट धरलें, तर त्याच्या टॅगचा आवाज दबतो. धातूच्या आवरणांत तर तो मुकाच होतो. पट्टी कापली गेली तर काय, हाहि प्रश्न आहेच. त्यावर उपाय म्हणून पट्टींत विद्युद्वाहक धागा घातलेला असतो. तो तुटतांच टॅग ओरडतो. परंतु निसर्ग एक निराळीच खोडी काढतो. जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत निरोगी मुलाचेंहि वजन शेंकडा पांच ते सात, क्वचित् दहापर्यंतहि, घटतें. पहिल्या दिवशीं बेताची बसलेली पट्टी तिसऱ्या दिवशीं सैल होते आणि न कापतांच पायांतून निसटते. कांहीं टॅगांना त्वचेचा स्पर्श सुटल्याचें कळतें. तरीहि दर पाळीला परिचारिकेनें पट्टी बोटानें चांचपून पाहणें, याला पर्याय नाहीं.

येथें या योजनेचें खरें मर्म येतें. टॅग केवळ संकटांत ओरडणारा असेल, तर तो बिघडल्यावर किंवा झांकला गेल्यावर कांहींच बोलणार नाहीं, आणि त्या शांततेला आपण खुशाली समजूं. म्हणून चांगल्या योजनेंत प्रत्येक टॅग ठराविक अंतरानें ‘मी आहें’ असें सांगत राहतो आणि ग्राहकयंत्र सतत हजेरी घेत राहतें. नेमलेल्या वेळांत एखाद्याची हजेरी आली नाहीं, तर तीच घंटा वाजविण्याची वेळ. पूर्वीं गांवांत रात्रीं जागल्या हाक देत फिरे. ती हाक ऐकून लोक निर्धास्त झोंपत. हाक यावयाच्या वेळीं आली नाहीं, तर मात्र जाणते लोक उठून बसत. रुग्णालयांतील ग्राहकयंत्राचें शहाणपण तें काय ऐकतें यापेक्षां काय ऐकूं येईनासें झालें हें ओळखण्यांत आहे. ज्या योजनेंत ही सोय नाहीं, ती कितीहि महाग असली तरी अपुरी होय.

ग्राहकयंत्र आणखी एका कारणानें बहिरें होऊं शकतें, व तें कारण रुग्णालयाच्या भिंतीबाहेरचें असतें. आकाश सर्वांचें सामाईक आहे. १९९८ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील डल्लास शहरीं एका दूरचित्रवाणी केंद्रानें आपल्या नव्या अंकीय प्रक्षेपणाची चांचणी घेतली. तोंवर रिकाम्या असलेल्या त्याच वाहिनीवर तेथील बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयांतील हृद्रोग्यांचीं बिनतारी यंत्रें आपले संदेश पाठवीत असत. प्रक्षेपण सुरू होतांच त्यांतील पुष्कळ यंत्रांचे संदेश ग्राहकांपर्यंत पोंचेनासे झाले. सुदैवानें कोणा रुग्णास इजा झाली नाहीं. या प्रसंगानंतर २००० सालीं अमेरिकन सरकारनें वैद्यकीय दूरमापनासाठीं ६०८ ते ६१४ मेगाहर्ट्झ व आणखी दोन पट्टे राखून ठेविले. मेगाहर्ट्झ म्हणजे दर सेकंदास दहा लक्ष कंपनें.

आपल्या देशांत या प्रकारच्या टॅगांसाठीं ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ सालीं परवान्यावांचून खुला झाला, व २०२१ सालीं तो ८६८ पर्यंत वाढविण्यांत आला. अमेरिकेंत त्याच कामासाठीं ९०२ ते ९२८ हा पट्टा आहे. त्यांतील बराचसा भाग भारतांत मोबाईल टेलिफोनकडे गेलेला आहे. तेव्हां परदेशांतून आणलेलें यंत्र जसेंच्या तसें येथें टांगतां येत नाहीं. तें येथील नियमांत बसतें कीं नाहीं हें आधीं पाहावें लागतें, आणि बसविल्यावर प्रत्येक दाराशीं, भर वर्दळीच्या वेळीं, प्रत्यक्ष टॅग नेऊन तपासावें लागतें.

आपल्या यंत्राचा त्रास दुसऱ्या यंत्रांना होणें ही या प्रश्नाची दुसरी बाजू. ॲम्स्टरडॅम येथील संशोधकांनीं अतिदक्षता विभागांतील ४१ उपकरणांजवळ टॅग-वाचकयंत्रें नेऊन १२३ चांचण्या घेतल्या व त्यांचा निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत ३४ वेळां उपकरणांच्या कामांत व्यत्यय आला आणि त्यांपैकीं २२ वेळां तो रुग्णास धोक्याचा ठरण्यासारखा होता. चांचण्यांच्या वेळीं रुग्ण जोडलेले नव्हते, हें सांगावयास नकोच. ही बाब योजना मोडीत काढण्याची नव्हे. यंत्र कोठें बसवावें व कोठें बसवूं नये हें ठरविण्याची आहे.

इतकें सर्व जुळून आलें, घंटा अचूक वाजली, असें धरूं. पुढें काय? घंटा ऐकून कोणीतरी उठावयास हवें. अमेरिकेंतील रुग्णालयांची तपासणी करणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेनें २०१३ सालीं एक इशारा दिला. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळांत वैद्यकीय उपकरणांच्या घंटांशीं संबंध असलेल्या ९८ दुर्घटना तिच्याकडे नोंदल्या गेल्या व त्यांत ८० रुग्ण दगावले. एक महत्त्वाचें कारण असें कीं घंटा फार वाजतात, बहुतेक वेळीं कांहींच झालेलें नसतें, आणि कान निर्ढावतात. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना सांगतों; तिचा अनुभव वॉर्डांत नित्य येतो. बाळंतीण मुलास घेऊन सहज दाराजवळ उभी राहिली कीं घंटा होते. दहा वेळां तसें झालें कीं अकराव्या वेळीं कोणी मान वर करीत नाहीं. म्हणून खोट्या घंटा कमी करणें, आणि घंटा झाल्यास कोणीं कोणत्या जिन्याकडे धांवावें हें आधीं नेमून त्याची तालीम करणें, हा या योजनेचा निम्मा भाग होय. तो विकत मिळत नाहीं.

कुलुपाविषयींहि सावध राहिलें पाहिजे. दाराची घंटा कुलूप लावते. आगीची घंटा तेंच कुलूप उघडणारी असली पाहिजे. भंडारा येथील जिल्हा रुग्णालयांत ९ जानेवारी २०२१ च्या पहाटें नवजात बालकांच्या कक्षास आग लागून दहा बालकें दगावलीं. ती दुर्घटना कुलुपामुळें घडली असें येथें म्हणावयाचें नाहीं. पण चोरापासून वाचविणारें दार आगीच्या वेळीं तुरुंग होऊं नये, हें त्या पहाटेच्या स्मरणानें तरी कोणीं विसरूं नये.

वृद्धांच्या बाबतींत आणखी एक विचार आहे. मूल टॅगला नको म्हणत नाहीं. वृद्ध म्हणूं शकतात, आणि त्यांचें तें म्हणणें ऐकून घेण्यासारखें असतें. ज्यास समज आहे त्याची संमति घ्यावी. ज्याची समज मावळली आहे त्याच्या घरच्यांशीं बोलून, जरूर तेवढ्याच काळापुरता टॅग बांधावा. माणूस कमी पडतो म्हणून बेडीऐवजीं टॅग, असें होतां कामा नये.

आपल्या देशांत या प्रश्नास कायद्याचीहि धार आली आहे. बालकांच्या विक्रीसंबंधींच्या एका प्रकरणांत १५ एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असें बजाविलें कीं ज्या रुग्णालयांतून नवजात बालक पळविलें जाऊन विकलें जाईल, त्याचा परवाना स्थगित करणें हें पहिलें पाऊल असावें. तेव्हां व्यवस्थापक यंत्रें विकत घेतील यांत शंका नाहीं. तीं नीट चालतात कीं नाहीं हें विचारण्याचें काम मात्र आपलें, घरच्या मंडळींचें आहे.

अमेरिकेंत हरवलेल्या व पळविलेल्या मुलांसंबंधीं काम करणाऱ्या राष्ट्रीय केंद्रानें घराबाहेरच्या माणसांनीं तान्हीं मुलें पळविल्याच्या १९६४ पासूनच्या तीनशेंहून अधिक घटनांची नोंद ठेविली आहे. रुग्णालयांतील घटनांत एक रीत पुनःपुन्हां दिसते. एक स्त्री परिचारिकेच्या वेषांत येते, गोड बोलते, ‘वजन करावयाचें आहे’ असें कांहींतरी सांगते, आणि बहुधा आईच्याच खोलींतून मूल नेते. म्हणजे दारावरील यंत्राची पाळी येण्यापूर्वींच आईच्या हातून मूल गेलेलें असतें. म्हणून प्रसूतीसाठीं रुग्णालय ठरवितांना चार प्रश्न अवश्य विचारावे. टॅग गप्प झाला तर कळतें काय? घंटा वाजल्यास कोण धांवतें? शेवटची तालीम केव्हां झाली? आग लागल्यास दार आपोआप उघडतें काय? आणि बाळंतिणीला एवढें निक्षून सांगून ठेवावें कीं ओळखपत्र पाहिल्यावांचून, मूल कोठें व कशासाठीं नेतां हें विचारल्यावांचून, तें कोणाच्याहि हातीं देऊं नये. अशा विचारण्यानें खऱ्या परिचारिकेला राग येत नाहीं. छतावरचें ग्राहकयंत्र रात्रंदिवस ऐकत राहील. पण मुलाला ओळखणारी माणसें खोलींतच असतात, आणि पहिला पहारा त्यांचाच आहे.