महाशीराचं बीज कुठल्या नदीत सोडावं?



उसाचं बेणं आणताना आपण जात विचारतो, रान बघतो. माशाच्या बीजाला मात्र कुणी काही विचारत नाही, आणि तिथंच घोटाळा होतो.

आपल्याकडच्या महाशीराचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला मासा पाहून साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली त्याची नोंद केली. हा मासा पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढून गोट्यांच्या पात्रात अंडी घालतो. धरणं झाली, वाट अडली, मासा कमी झाला. तेव्हा टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७० च्या दशकात त्याची पैदास सुरू केली. पिकलेल्या मादीचं पोट हलकेच दाबून अंडी काढायची, त्यात नराचं वीर्य मिसळायचं आणि वाहत्या पाण्यात ठेवायची. तीन-चार दिवसांत पिलं निघतात. काम मोठं झालं, यात वाद नाही.

पण ही पिलं कावेरीतही सोडली गेली. तिथला मूळचा महाशीर कुबडाचा, पन्नास किलोच्या वर जाणारा. पाहुणा माजला आणि घरचा हटत गेला. २०१८ साली त्या कुबड्या महाशीराची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

कृष्णा-भीमेच्या खोऱ्यात टॉर खुद्री घरचाच. इथं सोडायला हरकत नाही. पण ज्या डोहात सुरुंग नि ब्लीचिंग पावडर टाकतात, मळीचं पाणी जातं, तिथं बोटभर पिलू जगणार कसं? (हे लिहिताना आपल्या धंद्याकडंही बोट येतं, पण लिहिलंच पाहिजे.) आधी डोह राखावा, मग बीज मागावं. आणि पावसाळ्यात गाभोळीची मादी वर चढते, तेव्हा बंधाऱ्याखाली जाळं लावू नये.