भूल देणारी नर्स आणि तिचा दहा आकडी क्रमांक

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे स्थायिक झालेल्या आईवडिलांची तिथे गुडघेबदलाची शस्त्रक्रिया ठरते, तेव्हा पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकांना एका गोष्टीचे हमखास आश्चर्य वाटते. शस्त्रक्रियेआधी येऊन तपासणारी, आजारांची चौकशी करणारी आणि ‘मी तुम्हाला भूल देणार आहे’ असे सांगणारी व्यक्ती अनेकदा डॉक्टर नसते, नर्स असते. आपल्याकडे भूल देणे हे डॉक्टरांचे काम. त्यामुळे फोनवर पहिला प्रश्न येतो, ‘अगं, पण डॉक्टर का नाहीत?’ मग कोणीतरी समजूत घालते, ‘तिला मेडिकेअर चालतं, म्हणजे सरकारमान्य असणारच.’ प्रश्न रास्त आहे. समजूत मात्र चुकीच्या कागदावर टेकलेली आहे.

आधी ही नर्स कोण ते पाहू. भूल देणाऱ्या नर्सची परंपरा अमेरिकेत शंभर वर्षांहून जुनी आहे. मिनेसोटातल्या मेयो बंधूंच्या रुग्णालयात अॅलिस मगॉ या परिचारिकेने ईथर आणि क्लोरोफॉर्मने दिलेल्या चौदा हजारांहून अधिक भुलींचा आढावा १९०६ साली प्रसिद्ध केला. त्यात भुलीमुळे झालेला एकही मृत्यू नव्हता. १९३१ साली या नर्सेसची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १९५६ पासून ‘सीआरएनए’ ही प्रमाणित पदवी रूढ झाली.

आज ती मिळवण्यासाठी नर्सिंगची पदवी आणि परवाना लागतो. अतिदक्षता विभागात किमान एक वर्ष काम केलेले असावे लागते. त्यानंतर सुमारे तीन वर्षांचा भूलशास्त्राचा अभ्यासक्रम, राष्ट्रीय परीक्षा आणि शेवटी राज्याचा परवाना. २०२२ पासून प्रवेश घेणाऱ्यांसाठी हा अभ्यासक्रम डॉक्टरेट दर्जाचाच आहे. म्हणजे नर्सच्या नावामागेही ‘डॉ.’ लागू शकते आणि गोंधळात भर पडते, हे वेगळेच! प्रमाणपत्राचे ठरावीक मुदतीने नूतनीकरणही करावे लागते.

याखेरीज प्रत्येकीकडे ‘एनपीआय’ हा दहा आकडी राष्ट्रीय क्रमांक असतो. त्याची यादी इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते. मुले तिथे आईच्या भूलनर्सचे नाव शोधतात, नाव सापडते आणि जीव भांड्यात पडतो. पण हा क्रमांक मुळात बिलांच्या देवघेवीसाठी आहे. त्यातला शेवटचा आकडा केवळ आधीच्या नऊ आकड्यांत टंकनाची चूक नाही ना, हे पडताळण्यासाठी असतो. यादीत दिसणारी विशेषज्ञता अर्जदाराने स्वतः निवडलेली असते. क्रमांक मिळाला म्हणजे परवाना चालू आहे असे नव्हे, हे सरकारी यंत्रणाही सांगते. परवाना तपासायचा तर राज्याच्या नर्सिंग मंडळाच्या यादीत, आणि प्रमाणपत्र तपासायचे तर ते देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाकडे.

आता मेडिकेअर. ६५ वर्षांवरील लोकांसाठीचा हा सरकारी विमा. ग्रीनकार्ड घेऊन सलग पाच वर्षे राहिलेले आईवडीलही हप्ता भरून त्यात सामील होऊ शकतात. सहा महिन्यांसाठी फिरायला गेलेल्यांना तो लागू नाही. १९८६ च्या कायद्याने भूलनर्सला मेडिकेअरकडून स्वतःच्या नावे पैसे मिळण्याचा मार्ग खुला केला. १९८९ पासून ते मिळू लागले. नोंदणी करताना परवाना पाहिला जातो हे खरे, पण ती कौशल्याची पावती नव्हे. रुग्णाला होणारा ठोस फायदा दुसराच आहे. भूलनर्सला मेडिकेअरने मान्य केलेली रक्कम स्वीकारावीच लागते, वरचे पैसे रुग्णाकडून मागता येत नाहीत.

ही रक्कम ठरते कशी? प्रत्येक शस्त्रक्रियेला ठरलेली मूळ एकके असतात, गुडघेबदलाला सात. त्यात दर पंधरा मिनिटांना एक एकक मिळवायचे. दोन तास लागले तर आठ, एकूण पंधरा. एका एककाचा दर सध्या वीस डॉलरच्या आसपास, भागानुसार थोडा कमी-जास्त. म्हणजे साधारण तीनशे डॉलर. वर्षाची ठरलेली सुरुवातीची रक्कम भरून झाली असेल, तर त्यातले वीस टक्के, म्हणजे साठ डॉलर, रुग्णाच्या वाट्याला येतात.

खरी गंमत पुढे आहे. नर्सने वैद्यकीय निर्देशनाशिवाय भूल दिली तर हे तीनशे तिचे. भूलतज्ज्ञ डॉक्टरच्या निर्देशनाखाली दिली तर दोघांना निम्मे-निम्मे. एक डॉक्टर एका वेळी चार शस्त्रक्रियागृहांपर्यंत निर्देशन करू शकतो. चार वेळा निम्मे म्हणजे दोन खोल्यांची पूर्ण रक्कम! अर्थात त्यासाठी त्याने रुग्णाला आधी तपासणे, भूल चढताना आणि उतरताना हजर असणे अशा अटी पाळायच्या असतात. त्या पाळल्या जातात का, हे गाढ झोपलेल्या रुग्णाला कळणार कसे?

डॉक्टर कुठेच नसला तरी चालते का? मेडिकेअरच्या नियमानुसार रुग्णालयात भूलनर्सवर डॉक्टरची देखरेख हवी. पण तो डॉक्टर शस्त्रक्रिया करणारा सर्जनही असू शकतो. २००१ साली राज्यांना या अटीतून बाहेर पडायची मुभा मिळाली. आयोवा पहिले बाहेर पडले, आणि आज जवळपास निम्म्या राज्यांनी ती मुभा घेतली आहे. डॉक्टरांच्या संघटनांचा याला कडाडून विरोध आहे, तर खेड्यांतली अनेक छोटी रुग्णालये भूलनर्सवरच चालतात. सुरक्षित कोण, यावर २०१४ च्या कॉक्रेन आढाव्याने उपलब्ध अभ्यास तपासले आणि दोहोंपैकी एकाला सरस ठरवता येत नाही, असा निष्कर्ष काढला.

माझ्या मते म्हणूनच ‘नर्स की डॉक्टर’ यावर अडून बसण्यात फारसा अर्थ नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या भेटीत विचारावे, पूर्ण वेळ आईच्या उशाशी कोण असणार? भूलतज्ज्ञ डॉक्टर असतील तर ते त्याच वेळी आणखी किती खोल्या सांभाळत असतील? रक्तदाब एकदम कोसळला तर ते किती मिनिटांत पोहोचतील? आईला मधुमेह आहे, झोपेत ती घोरते, रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे, हे सांगायचीही वेळ हीच. यासाठी दुभाष्याची गरज असेल तर तो आधी मागून घ्यावा. सहसा रुग्णालय तो मोफत देते. घरच्या माणसाने भाषांतर करताना आईच्या छातीतली धडधड ‘काही नाही, तिला सवयच आहे घाबरायची’ म्हणून गाळली, तर भूल देणारी व्यक्ती नर्स असो वा डॉक्टर, तिला ती कळणार नाही.